उताराच्या छोट्या शेतासाठी छोटा ट्रॅक्टर: हलका हायड्रोस्टॅटिक की जड गिअरवाला?

माथ्यावरचं_रान
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आता विचारूनच टाकतो. शेत दोन हेक्टरच्या आत आहे, त्यातला थोडा भाग पायऱ्यापायऱ्यांचा सपाट आणि बाकी सगळा उतार. उतारावर फळझाडं आहेत, मधलं गवत कापायचं असतं, पायऱ्यांवर रोटाव्हेटर मारायचा असतो आणि खत वर न्यायचं, माल खाली आणायचा. सध्या पॉवर टिलरवर भागतंय पण माणूस पार पिळून निघतो.
दोन ट्रॅक्टरवर येऊन अडकलोय.
पहिला: २४ एचपी, वजन साधारण ८०० किलो, फोर व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद), हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा, वेग पेडलने कमीजास्त होतो), मागच्या चाकांची बाहेरून रुंदी सव्वा मीटर.
दुसरा: ३५ एचपी, वजन १३०० किलोच्या आसपास, तोही फोर व्हील, ८ पुढचे ८ मागचे गिअर, शटल (पुढे-मागे दिशा बदलायचा वेगळा दांडा) आहे, रुंदी दीड मीटर आणि चाकं पलटून बसवली तर पावणेदोन मीटर होते.
दोन्हीला ऑइल ब्रेक, दोन्हीला डोक्यावर दुमडणारी सुरक्षा कमान. मन दुसऱ्याकडे ओढ घेतंय कारण चढाला ताकद लागणार, घरच्यांना पहिला आवडलाय कारण चालवायला सोपा. तुम्ही काय घ्याल?

बारा_गाड्या
दुसरा. डोळे झाकून. एचपी जास्त असलेला कधीच वाया जात नाही, कमी पडला तर मात्र रोज रडायची वेळ. आणि समुद्रसपाटीपासून उंचावर असाल तर ते पण धरा, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला ढोबळमानाने १० टक्के घटते. २४ मधनं ते वजा करा, वरनं हायड्रोस्टॅटिक थोडी ताकद स्वतःच खातो, मग पीटीओला (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला) राहिलं काय?

उताराचा_मेकॅनिक
थांबा जरा. आधी उतार किती आहे ते सांगा, त्याशिवाय कुठलाही सल्ला हवेतलाच. आणि अंशात की टक्क्यात तेही सांगा, कारण लोक हमखास घोळ घालतात. १० अंश म्हणजे १८ टक्के, १५ अंश म्हणजे २७ टक्के, २० अंश म्हणजे ३६ टक्के. १०० टक्के उतार म्हणजे ४५ अंश, उभी भिंत नव्हे.
मोजायला काही लागत नाही. एक मीटरची सरळ पट्टी घ्या, वरचं टोक जमिनीला टेकवा, पाणसळ ठेवून पट्टी लेव्हल करा आणि खालचं टोक जमिनीपासून किती सेंटीमीटर वर आहे ते मोजा, जितके सेंटीमीटर तितके टक्के. चार-पाच ठिकाणी मोजा, सगळ्यात वाईट जागा सोडू नका, किंबहुना तिथूनच सुरुवात करा.
आणि ताकदीचं म्हणाल तर उतारावर ट्रॅक्टर निवडायचा तो खाली येताना कसा वागतो यावर. चढ चढला नाही तर ट्रॅक्टर बंद पडेल, फार तर परत मागे यावं लागेल. उतरताना धरला नाही तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

रानवेडी
मेकॅनिकदादांना +१. आमच्याकडे पण उतार आहे आणि ट्रॅक्टर बहुतेक वेळ मीच चालवते, म्हणून हायड्रोस्टॅटिकच्या बाजूने लिहिते. झाडांच्या मधे गवत कापताना सारखं पुढे मागे, पुढे मागे करावं लागतं, तिथे क्लच दाबून दाबून गुडघा जातो. हायड्रोस्टॅटिकला पेडलवरचा पाय हलका केला की वेग कमी, पाय उचलला की थांबला. खोडाजवळ मुंगीच्या पावलाने जाता येतं, आणि त्या वेळी पीटीओ मात्र मिनिटाला पूर्ण ५४० फेऱ्यांवरच फिरत राहतो कारण इंजिनाचा रेस आपण हलवलेलाच नसतो, त्यामुळे गवत कापलं जातं, नुसतं झोपत नाही. गिअरच्या ट्रॅक्टरला हळू जायचं म्हणून रेस कमी केला की पात्यांचा वेग पण पडतो.
फक्त एक. उतारावर हायड्रोस्टॅटिक नेहमी लो रेंजमधे, म्हणजे हळू वेगाच्या टप्प्यात. हायमधे ठेवून तीव्र उतारावर सोडलात तर पाय उचलूनही तो पाहिजे तसा धरत नाही, वजन त्याला ओढत नेतं. आणि उभा करून उतरायचं तर पार्किंग ब्रेक लावायचाच, हायड्रोस्टॅटिकवर विसंबून खाली उतरायचं नाही, इंजिन बंद झालं की तो हळूहळू सरकू शकतो.

बारा_गाड्या
ताई गवतापुरतं मान्य. पण गिअरवाला पण उतारावर धरतोच की, इंजिन ब्रेक असतो ना.

उताराचा_मेकॅनिक
धरतो, पण गिअर आधी टाकलेला असेल तर. माथ्यावर थांबून लो गिअर टाकायचा आणि मग उतरायला लागायचं. अर्ध्यात गिअर बदलायला क्लच दाबला की तेवढा वेळ ट्रॅक्टर मोकळा, दोन सेकंदात इतका वेग घेतो की गिअर परत पडतच नाही. न्यूट्रलमधे उतरणं तर सोडूनच द्या. शटल सिंक्रो असलं तरी उतारावर फिरता फिरता दिशा बदलायची नाही.
आता जी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही ती सांगतो. फोर व्हील चढायला लागतं असं सगळे म्हणतात. अहो ते उतरायला जास्त लागतं! बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना ब्रेक असतात फक्त मागच्या चाकांना. उतरताना वजन येतं पुढच्या चाकांवर, म्हणजे ज्या चाकांना ब्रेक आहे तीच हलकी होतात आणि ओल्या गवतावर घसरतात. चाक लॉक, ट्रॅक्टर चाललाय खाली. फोर व्हील टाकलेलं असेल तर पुढची चाकं मागच्यांशी जोडलेली राहतात, ब्रेक आणि इंजिनाची पकड चारही चाकांना मिळते. म्हणून उतरायच्या आधी फोर व्हीलचा दांडा बघायचा, आणि दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडणारी पट्टी लावलेली आहे का तेही. एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो आणि आडवा होतो.

पायरीशेती
वाचतोय. मी जरा वेगळ्या अंगाने लिहितो. जमिनीसाठी आडवी मशागत चांगली, उताराला समांतर वरखाली तास मारले तर पहिल्याच जोरदार पावसात त्या तासातनं माती वाहून जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ट्रॅक्टरसाठी आडवं चालणं हेच सगळ्यात धोक्याचं, कारण कुशीवर पडायची भीती. म्हणजे जमिनीचं भलं आणि ट्रॅक्टरवाल्याचं भलं इथे एकमेकांच्या विरोधात जातं. माझ्या मते यातून वाट एकच, ज्या उतारावर आडवं चालवायला छातीत धडधडतं तिथे मशागत करायचीच नाही. तिथे गवत आणि झाडं राहू द्या, गवत वरखाली चालवून कापा, गवत असल्यावर वरखाली चाललं तरी माती जात नाही. रोटाव्हेटर फक्त पायऱ्यांवर. म्हणजे मग ३५ एचपी लागतोय कुठे?

उताराचा_मेकॅनिक
अगदी बरोबर मुद्दा. त्याला आकडे जोडतो, म्हणजे नुसती भीती वाटायच्या ऐवजी अंदाज येईल.
समजा मागच्या दोन टायरांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर १ मीटर. पहिल्या ट्रॅक्टरचं साधारण तेवढंच असणार. १५ अंशांच्या उतारावर तुम्ही आडवे चाललाय. खालचं चाक १० सेंटीमीटर खड्ड्यात गेलं आणि त्याच क्षणी वरचं चाक १० सेंटीमीटरच्या दगडावर चढलं. फरक झाला २० सेंटीमीटरचा, म्हणजे आणखी ११ अंश. तुम्ही १५ वर नाही, २६ वर उभे आहात, आणि तेही अचानक, हिसका बसून. गवत वाढलेलं असलं की ना दगड दिसतो ना खड्डा. दुसऱ्याचं हेच अंतर १.२ मीटर धरलं तर तेवढ्याच खड्डा-दगडाला साडेनऊ अंश वाढतात, चाकं पलटली तर आणखी कमी. रुंदीचा फायदा असा असतो.
पुढचा अॅक्सल मधोमध एका पिनवर झुलतो, म्हणजे कलंडायला लागल्यावर पुढची चाकं सुरुवातीला काही आधार देत नाहीत. ट्रॅक्टर खरं तर तीन टेकूंवर उभा असतो, दोन मागची चाकं आणि पुढची पिन. म्हणून कागदावर कितीही अंश लिहिलेले असोत, प्रत्यक्षात तो त्याच्या बराच आधी जातो.
यावरचे उपाय जुनेच आहेत. मागच्या टायरात पाणी भरा, व्हॉल्व्ह सगळ्यात वर आणून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत भरलं की साधारण ७५ टक्के होतं, तेवढंच भरायचं, बाकी हवा. वजन तळाला जातं, ट्रॅक्टर बसका होतो. कडाक्याची थंडी पडत असेल तर साधं पाणी गोठतं, तिथे न गोठणारं द्रावण, पण कॅल्शियम क्लोराईड वापरलं तर ट्यूब पाहिजेच, नाहीतर रिम सडते. आणि लोडर (पुढे बसवायचं माल उचलणारं बकेट) असेल तर बकेट गुडघ्याच्या खाली. भरलेली बकेट वर उचलून उतारावर वळणं, हे करू नका, कुणी करत असेल तर त्याला थांबवा.

माथ्यावरचं_रान
बाप रे, इतकं मनावर घेऊन लिहिताय, खूप आभार. मोजमाप केलं. फळबागेत ठिकठिकाणी १८ ते २२ टक्के. वरच्या पायरीकडे जाणारी वाट सगळ्यात वाईट, २५ टक्के, म्हणजे १४ अंश ना? आणि त्यात दोन वळणं. वाट मुरमाची आहे, पावसाळ्यात कडेला गवत. वाटेची रुंदीही मोजली, सगळ्यात अरुंद जागी १.९ मीटर, एका बाजूला बांधाचा दगडी उभा कठडा, दुसरी बाजू मोकळी आणि तिथे खाली जवळजवळ पुरुषभर उंची.
ट्रॉलीचं काय करावं? वरून माल खाली आणायचा तो याच वाटेने.

कडेचा_बांध
वाटेवरून लिहितो. मोकळ्या कडेचा नियम पाठ करून ठेवा, कडा जितकी उंच तितकं कडेपासून लांब राहायचं. पावसाळ्यात तर त्याहून जास्त, कारण आतून भिजलेला बांध वरून ठणठणीत दिसतो आणि चाकाचं वजन आलं की खालून पोट सुटून ढासळतो. तुमची १.९ मीटरची वाट आणि एका बाजूला पुरुषभर खोली, म्हणजे या नियमाने तिथे ट्रॅक्टर जायलाच नको. ट्रॅक्टर ठरवायच्या आधी वाट दुरुस्त करा. आतल्या बाजूने कापून रुंद करा, बाहेरच्या कडेला दगडी ताल (दगड रचून केलेला बांध) घाला, वाट आतल्या बाजूला किंचित कलती ठेवा म्हणजे पाणीही आत राहील आणि ट्रॅक्टरही आत झुकेल. आणि आतल्या कडेला चर काढा, नाहीतर तेच पाणी वाट खाऊन टाकेल.

बारा_गाड्या
हे मात्र पटलं. दुसरा चाकं पलटून पावणेदोन मीटर, वाट १.९. शक्यच नाही. न पलटता दीड मीटर, तरी तंगच.

उताराचा_मेकॅनिक
हो १४ अंशच.
आता ट्रॉली. ट्रॉली भरून १००० किलो झाली आणि २५ टक्के उतारावर असेल तर ती मागून साधारण २४० किलोच्या जोराने ढकलते. पहिला ट्रॅक्टर ८०० किलोचा, तो स्वतः पण जवळजवळ १९५ किलोच्या जोराने खाली ओढला जातोय. म्हणजे चार टायरांना सव्वाचारशे किलोच्या वर धरून ठेवायचंय. कोरड्या मुरमावर जमेल कदाचित, ओल्या गवतावर टायर तेवढं धरत नाही. मग काय होतं, ट्रॅक्टर सरळ घसरतो किंवा वळणावर ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागच्या अंगाला तिरकी दाबते आणि दोघं मिळून चाकूच्या पात्यासारखे मिटतात. हेच १३०० किलोच्या ट्रॅक्टरला जास्त झेपतं, हे मी दुसऱ्याच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगतोय. जड ओढायचं असेल तर वजनाला पर्याय नाही.
माझा नियम असा की ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरच्या वजनाच्या वर कधी नाही, आणि इतक्या उतारावर त्याच्याही बरीच खाली. ट्रॉलीला ब्रेक करून घ्या, छोटी ट्रॉली घ्या, फेऱ्या वाढू द्या.
ओढायचं ते नेहमी मागच्या खालच्या ड्रॉबारला (ओढायच्या दांड्याला) जोडून. टॉप लिंकच्या (अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा अॅक्सलला साखळी बांधून ओढलं की ट्रॅक्टर समोरून उठून उलाळतो. आणि उलाळायला लागल्यावर उलटा व्हायला दीड सेकंद पुरतो, परत न येण्याची वेळ तर पाऊण सेकंदातच निघून गेलेली असते. तेवढ्यात कुणाचाही पाय क्लचवर जात नाही. चाकं रुतलेली असताना चाकांना ओंडका बांधून रेस मारणं हा तर उलाळायचा हमखास रस्ता. रुतला तर रिव्हर्सने काढायचा, नाही निघाला तर दुसऱ्याकडून टोचन.

रानवेडी
सुरक्षा कमानीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, ती दुमडणारी आहे म्हणालात. झाडाच्या फांद्या लागतात म्हणून लोक ती दुमडतात आणि मग दुमडलेलीच राहते. कमान उभी असेल तेव्हा सीटबेल्ट लावायचाच, कारण बेल्ट नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि ज्या कमानीने वाचवायचं तिच्याखालीच सापडतो. आणि कमान दुमडलेली असेल तर बेल्ट लावायचा नाही. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरना कमान सक्तीची केली आणि उलटून मरणाऱ्यांचं प्रमाण तिथे प्रचंड खाली आलं. इतकी जुनी आणि सिद्ध झालेली गोष्ट आहे ही, तरी अजून लोक ती काढून कोपऱ्यात टाकतात, फार वाईट वाटतं. फांद्या छाटा, कमान उभी ठेवा. फांदी परत येते.
आणि पीटीओ शाफ्टचं कव्हर. ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. ओढणी, पदर, सैल बाही, काही चालणार नाही.

पायरीशेती
हलक्या ट्रॅक्टरचा आणखी एक फायदा. पायऱ्यांवरची माती आधीच पातळ असते, जड चाक फिरलं की खालचा थर दगडासारखा दबतो आणि पाणी मुरायचं बंद होतं. वाफसा येईपर्यंत थांबा हे खरंच, पण उतारावरच्या शेतात वरची पायरी वाफशावर आलेली असते तेव्हा खालची अजून पाझराने ओली असते, म्हणजे कुठेतरी ओल्यावर जावं लागतंच. तिथे ८०० आणि १३०० मधला फरक जमिनीला कळतो.

माथ्यावरचं_रान
कालच दोन्हींची चाचणी झाली. तुम्ही उताराचं इतकं लिहिलंत म्हणून विक्रेत्याला सपाटीवर नको, शेतावरच आणा असं सांगितलं होतं. वरच्या वाटेवर कडेचं ऐकून कुणालाच नेलं नाही, फळबागेतल्या २२ टक्क्यांच्या पट्ट्यावर चालवले.
दुसरा चढताना मस्त, आवाज पण बदलला नाही. पण पायरीच्या टोकाला वळताना तीनदा पुढे मागे करावं लागायचं, आणि प्रत्येक वेळी मागचं चाक कडेच्या इतकं जवळ जायचं की खाली उभ्या असलेल्या माणसाने हात वर केला.
पहिला चढताना रोटाव्हेटर उचललेला असल्याने पुढून हलका वाटला, स्टिअरिंग फिरवलं तरी पुढची चाकं जरा सरळच जायची. उतरताना मात्र लो मधे टाकून पेडलवरचा पाय उचलला तर अक्षरशः जागेवर बसला. पुढच्या टायरच्या नक्ष्या मुरमात रुतून खडे करकरत होते पण घसरला नाही. मग फोर व्हील काढून तेच करून बघितलं, खालच्या सपाट भागाजवळ, आणि मागची चाकं गवतावर घसरायला लागली! मेकॅनिकदादा जे म्हणत होते ते डोळ्यांनी बघितलं.
घरात सगळ्यांचं पहिल्यावर ठरलंय. लोडर घेत नाही. त्या पैशात वाट रुंद करून ताल घालायचा आणि ब्रेकची छोटी ट्रॉली. वाट होईपर्यंत वर पॉवर टिलरच.

बारा_गाड्या
मी दुसरा सांगत होतो पण तुमच्या शेताला पहिलाच बरोबर. ताकद वापरायला जागा पण लागते.

उताराचा_मेकॅनिक
छान ठरवलंत. पुढून हलका वाटला ना, त्याचं आत्ताच करा. रोटाव्हेटर उचललेला असताना एकूण वजनाच्या निदान २० टक्के पुढच्या अॅक्सलवर राहायला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग नावालाच. पुढच्या बंपरची वजनं ट्रॅक्टरबरोबरच मागून घ्या. उतारावर रोटाव्हेटर लागेल तेवढाच उचला, पार वर नको. चेक चेन (अवजाराला बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या) घट्ट ठेवा, नाहीतर आडवं चालताना अवजार खालच्या बाजूला लोंबतं आणि ट्रॅक्टरला पण ओढतं.
हायड्रोस्टॅटिकचं तेल आणि फिल्टर पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच, पहिला बदल तर लवकर असतो, तो चुकवू नका. भर उन्हात लांब चढ सलग चढत असाल तर तेल तापतं, लो रेंज आणि मधे दम. रेडिएटरच्या जाळीत गवताचा भुसा अडकतो, गवत कापायच्या दिवशी दुपारी एकदा जाळी झाडायची.

माथ्यावरचं_रान
वजनं सांगितली. मागची चाकं पहिल्याची पण पलटता येतात असं विक्रेता म्हणाला, पलटून घेऊ का? वाट रुंद केल्यावर जागा राहील.

उताराचा_मेकॅनिक
वाट झाल्यावर घ्या, आधी नको. आणि पलटताना टायरच्या नक्षीची दिशा बघा, नुसतं चाक उलटं केलं तर बाण मागे जातो, डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे टाकायचं. पाणी त्यानंतर भरा, भरलेलं चाक हलवायला जीव जातो. नट पुस्तकातल्या टॉर्कने आवळा, थोडं काम झालं की परत आवळा, दुसऱ्या दिवशी परत एकदा. नवीन बसवलेल्या चाकाचे नट बसका घेतात आणि सैल होतात.

रानवेडी
अभिनंदन! ट्रॉलीचे ब्रेक कुठल्या प्रकारचे करताय तेही लिहा, मला पण करून घ्यायचेत.

माथ्यावरचं_रान
ताई, ट्रॉली पुढे सरकून ट्रॅक्टरवर दाबली की आपोआप लागणारे बघतोय, फक्त रिव्हर्सला ते अडकतात म्हणून वर खिटी पाहिजे. ट्रॉलीच्या कारागिराशी बोलणं झालं की इथेच टाकतो.